मर्तिकाची बोली : प्रस्तावना

“बाई का पुरुष?”
“बाई. माझी आई.”
“सवाष्ण?”
“नाही. वडील जाऊन नऊ वर्षं झाली.”
“जाळायचं ना? मग टिटवं कोण धरणार?”

साताऱ्यातल्या एका जुन्या दुकानात पहाटे पाच वाजता हे बोलणं झालं. शेवटच्या प्रश्नाला मी थांबले. मला तो शब्दच माहीत नव्हता. पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, घरात दोन पिढ्यांची माणसं जाताना पाहिली, आणि तरी टिटवं म्हणजे काय हे मला एका अनोळखी माणसाला विचारावं लागलं. त्यांनी फळीवरचं एक लहान मडकं उचलून माझ्या हातात दिलं. “हे. चितेभोवती फिरताना खांद्यावर धरतात ते.” आईला मुलगा नव्हता. ते मडकं मीच धरणार होते.

हे पुस्तक त्या पहाटेपासून सुरू झालं. सुतकाच्या दिवसांत घरी बसून मी जे शब्द वहीत टिपले, त्यांत पुढची सहा वर्षं भर पडत गेली. मरण, मर्तिक, दहन, दफन आणि त्यानंतरचे दिवस यांच्याशी बांधलेले हे मराठी शब्द आहेत. ते कुठून आले, कोण बोलतं, आणि त्या शब्दामागे कोणाचे हात राबतात, एवढं तरी प्रत्येक नोंदीत यावं असा प्रयत्न केला आहे.

दुकानदाराचे प्रश्न आधी मला खुपले होते. आई जाऊन तीन तास झाले होते आणि हे गृहस्थ चौकश्या करत होते. पण सामानच त्यावर ठरतं. सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं, बांगड्या, हळदकुंकू, मळवट, खणानारळाची ओटी. विधवा गेली तर यातलं काहीच नाही. पुरुष गेला तर धोतर, पंचा. दोन लांब बांबू, कामट्या, सुंभ, पेंढा, पांढरं कापड, मडकी, काळे तीळ, तूप, कापूर, गुलाल, बुक्का हे सगळ्यांना सारखं. जन्मभर माणसावर ज्या खुणा चढवल्या वा उतरवल्या, त्यांचा शेवटचा हिशोब त्या फळीवर होतो. त्यांनी आईसाठी साधं पांढरं पातळ काढलं. मी हिरवं मागितलं. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग काही न बोलता हिरवं बांधून दिलं.

टिटवं मला माहीत नव्हतं, याचं कारण नंतर कळलं. हे शब्द उंबऱ्यावर दुभंगलेले आहेत. उंबऱ्याच्या आतले बायकांचे : माणसाला भुईवर घेणं, तोंडात गंगा आणि तुळशीचं पान घालणं, हेल काढून रडणं, जीव गेला त्या जागी पीठ पसरून दिवा लावणं आणि पिठावर कुठलं पाऊल उमटतं ते पाहणं, चूल बंद ठेवणं, शेजारणीनं आणलेला पिठलं-भात. हे सगळे शब्द मला लहानपणापासून येत होते. उंबऱ्याबाहेरचे शब्द पुरुषांचे. आमच्याकडे बायका मसणवट्यात जात नसत, म्हणून तिथली भाषाही आमच्या कानांवर आली नाही. पुरुष परत येत, दारातच कडुलिंबाचा पाला चावत, आंघोळीला जात. तिकडे काय झालं हे कुणी सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू.

तिकडचे शब्द मी मोठ्या वयात शिकले. माझ्या मते ते मराठीतल्या सर्वांत नेमक्या शब्दांपैकी आहेत. तिरडी बांधतात, रचत नाहीत. सरण मात्र रचतात. तिरडीला पुष्कळ गावांत ताटी म्हणतात. ताटी म्हणजे कामट्यांचं विणलेलं दार. मुक्ताईचे ताटीचे अभंग ज्या ताटीवरून ओळखले जातात, तो शब्द हाच. माणूस घरातून शेवटचा निघतो तो दारासारख्याच एका विणीवर, हे मला त्या शब्दानं दाखवलं. वाटेत एका ठरलेल्या ठिकाणी तिरडी खाली टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. त्या जागेला विसावा म्हणतात. पालखी पंढरीच्या वाटेवर जिथं थांबते त्यालाही विसावाच म्हणतात. आणि मंत्रिमंडळ बदललं की वर्तमानपत्रं ज्याला खांदेपालट म्हणतात, तो शब्दही पालखीच्या नाहीतर तिरडीच्या दांड्याखालून आला आहे.

मग टिटवं. मडक्यात पाणी भरायचं, ते खांद्यावर घेऊन चितेभोवती उलटी फेरी घालायची. प्रत्येक फेरीला मागून कुणीतरी दगडानं मडक्याला एक भोक पाडतो. अशा तीन फेऱ्या, तीन धारा. मग मागे न बघता मडकं खांद्यावरून सोडून द्यायचं आणि पालथ्या हातानं बोंब मारायची. भोक पाडणारा तो दगड म्हणजे अश्मा. बोलीत त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस तो जपायचा, त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचं, पिंडाला कावळा शिवला की पाण्यात सोडायचा. गेलेल्याचा जीव त्या खड्यात राहतो असं मानतात. मी मानत नाही. तरी ते दहा दिवस मी तो खडा आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवला होता आणि रात्री उठून डबी जागेवर आहे का हे पाहत होते. हरवला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. शब्दांत एवढं बळ असतं हे मला शिकवण्याच्या वर्षांत कळलं नव्हतं.

टिटव्याचा शोध घेताना मी पुण्यात पोचले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. आपल्याला जाळू नये, मिठात घालून पुरावं अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही करून ठेवला होता. नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलगा यशवंतनं टिटवं धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवं हातात घेतलं आणि पतीला स्वतः अग्नी दिला, असं चरित्रकार सांगतात. टिटवं कोण धरणार हा प्रश्न विधीपुरता कधीच नव्हता. वारस कोण, हाच तो प्रश्न. घराची, जमिनीची भांडणं या लहानशा मडक्यावरून उभी राहिली आहेत. म्हणून या पुस्तकातली सर्वांत मोठी नोंद टिटव्याची आहे.

शब्दकोशांनी हे शब्द टाळले असं मी म्हणणार नाही. मोल्सवर्थच्या कोशात, १८३१ च्या आणि नंतर १८५७ च्या वाढवलेल्या आवृत्तीत, यांतले पुष्कळ सापडतात. १९३२ पासून निघालेल्या दाते-कर्वे मंडळींच्या महाराष्ट्र शब्दकोशात त्याहून अधिक आहेत. पण कोश वर्णानुक्रमानं चालतो. तिरडी त वर, कामटी क वर, बुरूड आणखी कुठंतरी. तिरडीच्या कामट्या बुरूड तासतो, मडकं कुंभार देतो, न्हावी डोकं भादरतो, हे तिथं एका जागी दिसत नाही. आणि या कामांतलं सर्वांत जड काम कोणाच्या वाट्याला होतं हे तर मुळीच दिसत नाही.

ते महारांच्या वाट्याला होतं. गावात मयत झालं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन महारानं धावायचं, भर पावसात, मध्यरात्री, पायी. सरणाची लाकडं त्यानं वाहायची. बदल्यात प्रेतावरचं कापड त्याचं, आणि हा त्याचा ‘हक्क’ म्हणून लिहिला जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं आहे. गावच्या या कामांची आणि हक्कांची मांडणी त्यात आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये, हक्कांच्या बदल्यात गावकामाला बांधून ठेवणाऱ्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारं विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं संपली ती १९५८ मध्ये. म्हणजे ‘सांगावा’ या शब्दाला आज लोकगीतातला जो गोडवा आला आहे, त्याच्या पोटात कुणाचे तरी फुटलेले पाय आहेत. त्या नोंदीत मी दोन्ही लिहिलं आहे. गोडवा पुसून टाकायचा नाही, पण पायही झाकायचे नाहीत.

ब्राह्मणांतही हीच उतरंड होती. मर्तिकाचे विधी करणारा तो किरवंत. त्याच्याशी इतर ब्राह्मण सोयरीक करत नसत, शुभकार्याला त्याला बोलावत नसत. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ नाटकानं हा शब्द शहरी प्रेक्षकांपुढे ठेवला. मसणजोगी समाजाचं तर नावच मसणाशी बांधलेलं आहे. जो मृत्यूच्या सर्वांत जवळ काम करतो त्याला आपण सर्वांत लांब बसवलं. आपल्याकडे मेलेल्यासाठी आदराचे शेकडो शब्द आहेत, मेलेल्याला उचलणाऱ्यासाठी एकही नाही. मी खूप शोधला. महापालिकेच्या कागदावर ‘स्मशान कर्मचारी’ असं लिहितात, एवढंच.

या जवळिकीचं सर्वांत दाहक चित्र मराठीत अण्णा भाऊ साठे यांनी काढलं. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा खाणीचं काम सुटल्यावर राख आणि मढी उपसून सोन्याचा कण शोधतो. बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ कादंबरीत पैठणच्या घाटावरचा पोरगा पाण्यात सोडलेली राख चाळतो. ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं’ हा वाक्प्रचार आपण लोभी माणसाबद्दल वापरतो. या दोन लेखकांनी दाखवलेली भूक त्या वाक्प्रचारात बसत नाही.

शब्द बदलता येतात, तेही एका पिढीत, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही ही एक होती. म्हणजे दहावा, पिंड, कावळा, तेरावा हे शब्द लाखो घरांतून उठले. त्यांच्या जागी काय आलं? कै. च्या जागी ‘कालकथित’. दहाव्या-तेराव्याच्या जागी ‘जलदान विधी’ आणि ‘पुण्यानुमोदन’. आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेल्यानंतर ‘महापरिनिर्वाण’ हा पाली-संस्कृत ग्रंथांतला शब्द गावोगावच्या बोलीत आला. आज शेतमजूर बाई तो अडखळल्याशिवाय उच्चारते. एका बौद्ध वस्तीतल्या आजींना मी विचारलं की तुमच्या लहानपणी दहाव्याला काय म्हणायचे. त्या म्हणाल्या, “ते आम्ही सोडून दिलं, बाई.” शब्द विसरल्या नव्हत्या, सोडून दिला होता. त्यांच्या तोंडून तो पुन्हा काढून घेण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

इतर समाजांच्या नोंदी माझ्याकडून कमी झाल्या आहेत, त्या त्यांच्यातल्याच कुणी वाढवाव्यात. लिंगायतांत मृताला बसवून पुरतात आणि तो ‘लिंगैक्य’ झाला म्हणतात. मुसलमानांचे जनाजा, कफन, दफन, कबर हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. मयत तर आपण इतका आपला केला की तलाठ्याच्या फेरफारात ‘मयत खातेदार’ म्हणून तो कुठल्याही धर्माच्या माणसाला लागतो. गोव्यात ख्रिस्ती दफनभूमीला सिमितेर म्हणतात, हा पोर्तुगीज शब्दाचा कोकणी अवतार. मुंबईच्या डुंगरवाडीवरचे दोखमा, खांधिया, नस्सेसालार हे पारशांचे शब्द. तिथली गिधाडं जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानं गेली आणि मृतदेह गिधाडांना देण्याची एका समाजाची रीतच अडून बसली.

खुद्द ग्रामीण मराठीत ‘मातीला जाणं’ म्हणजे अंत्ययात्रेला जाणं, मग तिथं जाळणार असले तरी. पुरण्याची आठवण त्या शब्दानं धरून ठेवली आहे. सातारकडची निधनवार्ता ‘सावडणे विधी’ अमुक वारी असं म्हणते, कोल्हापूरकडची ‘रक्षाविसर्जन’, नगरची ‘दशक्रिया’, विदर्भातली ‘तेरवी’, खानदेशातली ‘गंधमुक्ती’. निधनवार्तेतला हा एक शब्द वाचून माणूस कुठला हे ओळखता येतं. मला स्वतःला सावडणं सर्वांत जवळचं. पेरणी, भांगलण जशी एकमेकांच्या मदतीनं सावडीनं करायची, तसा हा शब्द कानाला लागतो. आदल्या दिवशीच्या विस्तवातून आपल्या माणसाची हाडं वेचायची, आणि त्यासाठी भाषेनं एवढा मऊ शब्द ठेवावा.

मऊपणाबद्दल आणखी एक. आपली भाषा मरणाचं नाव घ्यायला सारखी कचरते. दिवा विझवत नाही, शांत करतो. कुंकू संपत नाही, वाढतं. मंगळसूत्र तुटत नाही, वाढवतात. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, दक्षिणेकडे आलेली बातमी मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची, खुर्दा किती गेला ते न कळल्याची होती असं सांगतात. हजारोंचं मरण सावकारी भाषेत गुंडाळलं होतं. पण मर्तिकाच्या घरी हा सगळा पडदा गळतो. तिथून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. पुन्हा यावं लागू नये म्हणून. ‘जातो’ही म्हणत नाही. माणूस नुसता उठतो, चपला घालतो आणि चालू लागतो. जन्मभर येतो-येतो करणाऱ्या आपल्या लोकांची ती मुकी पाठ मी आईच्या वेळी दारातून पाहिली. तिला काय शब्द द्यावा हे मला अजून सुचलेलं नाही, म्हणून ‘येतो’ या नोंदीत मी तेवढंच वर्णन केलं आहे.

दुखवट्याची नोंद वाचकांनी जरूर पाहावी. सरकार तीन दिवसांचा दुखवटा जाहीर करतं, झेंडे अर्ध्यावर येतात. गावात मात्र दुखवटा म्हणजे सोयऱ्यांनी आणलेलं नवं कापड आणि जेवण. दुखवटा काढायचा म्हणजे दुःखात बसलेल्या घराला हाताला धरून उठवायचं, नवं लुगडं नेसवायचं, घास भरवायचा. सरकारी दुखवटा पाळायचा असतो आणि गावचा काढायचा असतो. मला गावचा अर्थ खरा वाटतो.

नवे शब्दही घेतले आहेत, कारण तेही आपलेच. शववाहिका, वैकुंठरथ, विद्युतदाहिनी, गॅसदाहिनी, शीतपेटी, स्मशानाचा पास. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यांत दवाखान्यात गेलेल्याचा नमुना ४, घरी गेलेल्याचा ४ अ, आणि एकवीस दिवसांत करायची नोंद. कोल्हापुरात होळीच्या आसपास ‘शेणीदान’ हा शब्द ऐकू येतो. होळीत जाळायच्या शेणी लोक पंचगंगा स्मशानभूमीला देतात, तिथं दहन मोफत होतं. हा नवा शब्द मला फार आवडला. पण ‘बॉडी’ हा शब्द मी मोठ्या कष्टानं घेतला. २०२० आणि २०२१ मधल्या करोनाच्या त्या महिन्यांत प्रेत, शव, पार्थिव, कलेवर, मढं हे सगळे शब्द मागे पडले आणि घराघरांत एकच वाक्य राहिलं, ‘बॉडी कधी मिळणार?’ कित्येकांना ती मिळालीच नाही. बांधलेली तिरडी नाही, खांदा नाही, विसावा नाही, टोकनचा आकडा फक्त. नात्यातल्या एका माणसाला आम्ही असंच दिलं, आणि त्याच्यासाठी कुठला शब्द वापरावा हे आम्हा कुणालाच त्या वेळी सुचलं नाही.

काही शब्द छापावेत की नाहीत यावर मी फार थांबले. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनी तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं. हे शब्द मी ठेवले आहेत, कारण माझ्या आईच्या हातावर दगड मारून फोडलेल्या काचेचा व्रण शेवटपर्यंत होता आणि तो कशाचा हे पुढच्या वाचकाला कळायला हवं. शिव्यांच्या यादीतल्या मेल्या, मुडद्या, मसणात जा यांनाही जागा दिली आहे. मरणाला घाबरणारी माणसं ते एकमेकांच्या अंगावर कसं फेकतात हे त्यांतून दिसतं.

विसाव्याची नोंद सर्वांत शेवटी लिहिली. आमच्या गावचा विसावा म्हणजे ओढ्याच्या अलीकडे, पिंपळाखालचा चपटा दगड. पुरुष तिथं खांदा बदलत आणि तोवर मागून आलेल्या बायका तिथूनच परत फिरत. त्याच्या पुढची वाट मी पंचावन्न वर्षांत कधी चालले नव्हते. आईला गाडीतून नेलं, तरी चालकानं न सांगता पिंपळाखाली गाडी थांबवली. चौघं उतरले, तिरडीच्या दांड्यांना हात लावून जागा बदलून पुन्हा बसले. मागच्या गाडीतल्या काकू आणि मावश्या उतरल्या, दगडाला हात लावला आणि गावाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धाकट्या मावशीनं माझ्याकडे पाहून हात पुढे केला, मी त्यांच्याबरोबर फिरावं म्हणून. माझ्या मांडीवर टिटवं होतं, पाण्यानं भरलेलं, दोन्ही हातांनी धरलेलं. तिनं ते पाहिलं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, गाडीत चढली आणि माझ्या शेजारी बसली.